रिकाम्या तासाचं वजन

१

निर्णय घ्यायला मला वेळ लागत नाही. चपला घेताना लागला नाही, घर घेताना लागला नाही, नवऱ्याला होकार देताना तर त्याचं वाक्यही मी पुरं होऊ दिलं नव्हतं. म्हणूनच विद्यापीठाचे व्हिडिओ यापुढे कुठे ठेवायचे हा प्रश्न सात महिने चघळून समितीने अखेर माझ्या टेबलावर आणून टाकला, तेव्हा मला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. सात महिन्यांत जे बारा जणांना जमलं नाही ते मी आठवड्यात करून दाखवणार होते.

व्हिडिओ विभागाची मी प्रमुख. विभाग म्हणजे मी, दोन संगणक, खिडकी न उघडणारी एक खोली आणि तळघरातले कपाटकाका. सर्व्हर ठेवलेल्या लोखंडी कपाटांमुळे त्यांना हे नाव पडलं. वीस वर्षांची व्याख्यानं त्या कपाटांत आहेत आणि काका त्यांची घरच्या माणसांसारखी काळजी घेतात. एखाद्या यंत्राचा आवाज जरा बदलला की हातातला घास टाकून खाली पळतात.

माझ्यापुढे तीन रस्ते होते. एक, आहे तसं तळघरातच चालू ठेवायचं. दोन, सगळं जग बघतं त्या फुकटच्या संकेतस्थळावर टाकून मोकळं व्हायचं. तीन, विद्यापीठांचे व्हिडिओ सांभाळणं हाच ज्यांचा धंदा आहे अशा बाहेरच्या सेवेकडे सगळं सोपवायचं. खर्चाचं बघायला दुसरी माणसं होती. मी एवढंच बघत होते की कोण काय पाहू शकेल, किती वर्षं टिकेल, उद्या बिनसलं तर आपलं सामान आपल्याला परत मिळेल का, आणि हलवताना काही हरवणार तर नाही ना. दोन दिवसांत मी तिसऱ्या रस्त्यावर खूण केली.

"मॅडम, आपलं आपल्या घरात असलेलं बरं," काका म्हणाले.

"काका, तुमच्या घरात गेल्या वर्षी गुडघाभर पाणी शिरलं होतं."

यावर त्यांनी मान डोलावली. पण काकांनी मान डोलावली म्हणजे पटलं असा अर्थ नसतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

२

हलवताना काही हरवणार नाही ना, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता कामाचा नव्हता.

माझा थोरला भाऊ याच विद्यापीठात पूल कसे उभे राहतात ते शिकवायचा. दीड वर्षापूर्वी एका सोमवारी छातीत दुखतंय म्हणाला आणि तासाभरात सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी अकराला, दोनशे चौदा नंबरच्या वर्गात त्याचा तास होता. मुलं येऊन बसली आणि परत गेली. त्याच्या मागे बासष्ट तासांचं रेकॉर्डिंग राहिलं. शिवाय पाच तास त्याने घरी टॅबवर केलेले. त्यासाठी मीच त्याला एक स्टँड आणून दिला होता, माणूस हलला की आपली मान वळवणारा.

त्याच आठवड्यात वहिनीने माझा हात धरला. "वन्सं, मला दुसरं काही नको. त्याचा आवाज तेवढा जाऊ देऊ नकोस." मी धाकटी, तरी ती लग्नापासून मला वन्संच म्हणते, निम्मं लाडाने आणि निम्मं चिडवायला.

"माझ्या हातातली गोष्ट आहे," मी म्हणाले. "एकही तास हरवणार नाही."

आता आमच्या जुन्या यंत्रणेला एक खोड होती. वेळापत्रकातून एखादा विषय काढला की त्या विषयाची सगळी रेकॉर्डिंगही पुसली जायची. मागे एका प्राध्यापिकेची चार वर्षं अशीच एका क्लिकमध्ये गेली होती. म्हणून दादाचा विषय मी काढलाच नाही. वेळापत्रकात तो तसाच राहिला. मंगळवार, अकरा ते बारा, दोनशे चौदा. खोली त्या वेळेला राखीव दिसायची, त्यामुळे दुसरं कुणी तिथे फिरकत नसे. आणि दर मंगळवारी अकराला मागच्या भिंतीवरचा कॅमेरा आपण होऊन सुरू व्हायचा, तासभर रिकामी बाकं टिपायचा आणि बाराला बंद व्हायचा. हे मला ठाऊक होतं. वहिनीला दिलेल्या शब्दापुढे आठवड्याला एक रिकामा व्हिडिओ म्हणजे काहीच नव्हतं.

३

हलवायच्या सामानाची यादी काका घेऊन आले. कागदावरच्या एका रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"रिकामी खोली एवढं खात नाही, मॅडम."

इथे थोडं सांगायला हवं. चित्र हललं नाही की यंत्राला नवीन काही लिहावं लागत नाही. म्हणून रिकाम्या वर्गाची तासाभराची फाइल अगदी किरकोळ असते, आणि माणूस बोलतोय, चालतोय, फळा पुसतोय अशी फाइल तिच्या दहापट भरते. आमच्या धंद्यात व्हिडिओ न उघडता, नुसतं वजन बघून सांगता येतं की तास झाला की मास्तर आलेच नाहीत.

दादा गेल्यानंतरचे पहिले सहा मंगळवार हलके होते. सातव्याचं वजन किंचित जास्त. मग दर आठवड्याला थोडं थोडं चढत गेलेलं. गेल्या मंगळवारचा रिकामा तास दादाच्या कुठल्याही भरलेल्या तासापेक्षा जड होता.

"कॅमेरा बिघडलाय," मी म्हणाले.

"असेल," काका म्हणाले. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "मी बघितलेलं नाही हं. मी फक्त वजनं बघतो."

दादा तासाला उभा राहिला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. वजन कुठंतरी जातंच, ते कुठं जातं तेवढं बघा. मला ते त्या क्षणी आठवलं आणि मी काकांसमोर उगाचच हसले.

४

व्हिडिओ मी त्याच दुपारी उघडला. बाहेर उन्हात कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, शेजारच्या खोलीत छपाईचं यंत्र कागद चावत होतं.

दोनशे चौदामधला कॅमेरा शिक्षकाच्या मागे फिरणारा आहे. शिक्षक फळ्याकडून खिडकीकडे गेला की तोही वळतो. माणसाचं डोकं चौकटीच्या वरच्या भागात राहील एवढी काळजी घेतो, म्हणजे उंच शिक्षक आला तर मान थोडी वर करतो आणि ठेंगणा आला तर खाली. खोलीत कुणीच नसेल तर समोर बघत स्वस्थ बसतो.

तो स्वस्थ बसलेला नव्हता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी तो दाराकडे वळला. मग सावकाश फळ्यापर्यंत आला. थांबला. मग खिडकीकडे, तिथे बराच वेळ, मग परत. चित्रात माणूस नव्हता. फळा, टेबल, खडूचा डबा, रिकामा मजला. फक्त चौकट चालत होती. छायाचित्रकार एखाद्याच्या मागे मागे जावा तशी.

मी शांतपणे कारणं मांडली. उन्हाचा कवडसा सरकत असेल. पडदा हलत असेल. पंखा असेल. दुसऱ्या दिवशी वर जाऊन पडदाच काढून टाकला, पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि खिडकीच्या काचेवर पुठ्ठा चिकटवला. कॅमेरा उतरवून शेजारच्या वर्गात त्याची चाचणी घेतली. तिथे तो शहाण्यासारखा वागला.

पुढच्या मंगळवारची फाइल आणखी जड निघाली.

मग मला दिसलं की हे व्हिडिओ कुणीतरी बघतंय. दर मंगळवारी, बारा वाजून पाच मिनिटांनी, अथपासून इतिपर्यंत. नोंद वहिनीच्या खात्याची होती. ते खातं मीच तिला उघडून दिलं होतं.

५

वहिनीचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. बाहेरच्या खोलीत जेवायचं टेबल, त्याच्यामागे स्वयंपाकघराचं दार. त्या दाराची चौकट कुणी कुठल्या मापाने केली देव जाणे. आमच्या घरातल्या प्रत्येकाचं डोकं तिला एकदा तरी आपटलेलं आहे. माझं तीनदा. वहिनी दादापेक्षा चांगली चार बोटं उंच, ती तिथून जाताना सवयीने मान झुकवते. एकटा दादा ताठ मानेने जायचा आणि पलीकडून ओरडायचा, "ह्या घराचं माप माझ्यावरून घेतलंय. तुम्ही सगळे चुकीचे आहात!"

वहिनीने चहा ठेवला. टॅब त्या फिरत्या स्टँडवर टेबलाच्या टोकाला होता, पुसून लख्ख केलेला.

"वहिनी, तू रिकाम्या वर्गाचे व्हिडिओ का बघतेस?"

तिने मला वेड्यात काढावं तसं पाहिलं. "रिकामे कुठं आहेत?"

"कुणीच नाहीये त्यात."

"दिसत नाही म्हणू या," ती म्हणाली. "आधी मलाही नाही कळलं. मग खिडकीशी थांबणं बघितलं. तो असाच थांबायचा ना गं, वाक्य सुचेपर्यंत? आणि फळ्यापासून टेबलापर्यंत डावा पाय जरा ओढत. कॅमेरासुद्धा तेवढ्यात अडखळतो, नीट बघ. सुरुवातीला असं नव्हतं हं. सुरुवातीला नुसता कोपऱ्यात. हळूहळू आलं त्याला."

"काय आलं?"

"चालायला," वहिनी म्हणाली, आणि चहा गाळायला उठली. दारातून जाताना तिने मान झुकवली.

मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. दीड वर्षात तिचा चेहरा मी असा पहिल्यांदाच बघत होते. नीट विंचरलेले केस, कानात काहीतरी घातलेलं. मी तिला सांगितलं की जुनी यंत्रणा बंद होणार आहे, बासष्ट तास नव्या जागी नेणार आहे, पण मंगळवारचं हे रेकॉर्डिंग थांबेल.

तिने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "थांबवायलाच हवं का?"

"हो."

"तू म्हणतेस म्हणजे असेल. तुझं कधी चुकत नाही."

हे ती चिडवायला म्हणाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

६

घरी जाऊन मी एकच गोष्ट तपासली. घड्याळ.

दोनशे चौदामध्ये फळ्याच्या वर एक गोल घड्याळ आहे. दादाच्या बासष्ट तासांत ते एकदाही चित्रात येत नाही. दादा ठेंगणा, कॅमेरा त्याच्यासाठी मान खाली ठेवायचा आणि घड्याळ चौकटीबाहेर राहायचं. यावर त्याचा एक विनोदही होता, की माझ्या तासात घड्याळ दिसत नाही म्हणून तास संपत नाही. मुलं कपाळाला हात लावायची.

रिकाम्या तासांतल्या सातव्या व्हिडिओत घड्याळ दिसत नाही. पंधराव्यात खालचा सहाचा आकडा दिसतो. तिसाव्यात घड्याळ पूर्ण दिसतं. गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत घड्याळ चौकटीच्या मध्यावर आहे आणि त्याच्या वरची हवा खेळायची जाळीही दिसते, जी शिडी लावल्याशिवाय हाताला लागत नाही.

चालणं दादाचं होतं. खिडकीशी थांबणं दादाचं होतं. डाव्या पायाची ओढसुद्धा. पण डोकं तिथे होतं, जाळीपाशी.

मला भीती वाटली. हे स्पष्टच लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते भीतीपोटी केलं असं कुणाला वाटायला नको. मी ते पूर्ण विचाराने केलं. वहिनीला जे दिसत होतं ते दादा नव्हतं, आणि हे तिला सांगून तिच्या कानातलं काढायला लावण्यापेक्षा ते मुकाट्याने बंद करणं बरं होतं. मंगळवारी मी स्वतः जाऊन बसायचं ठरवलं.

दोनशे चौदामध्ये पावणेअकराला पोचले. सगळ्यात मागच्या बाकावर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसले. खिडकीला माझाच पुठ्ठा, दिवे चालू, बाहेरच्या व्हरांड्यात मुलांचा गोंगाट. घड्याळाची टिकटिक खोलीभर ऐकू येत होती. अकराला माझ्या डोक्यावर लाल दिवा लागला आणि दोन मिनिटांनी मोटर घुर्र करून फिरली. दाराकडे.

दार बंदच होतं. ते उघडलं नाही.

मोटर सावकाश वळत फळ्यापर्यंत आली. मी डोळे फाडून बघत होते आणि समोर फळ्याशिवाय काही नव्हतं. मी मनात म्हटलं, बघ, काही नाही. पडदा नाही, पंखा नाही आणि काही नाही. तेवढ्यात घड्याळाचा आवाज बसला. थांबला नाही, बसला. घड्याळावर कुणी उशी धरावी तसा. चार ठोके तसे गेले, पाच, सहा. मग मोटर खिडकीकडे वळली आणि टिकटिक पुन्हा खणखणीत झाली.

परत येताना ती पुन्हा बसली. या वेळी मी ठोके मोजले नाहीत.

मी उठले, बाकांमधून ताठ चालत पुढे गेले, टेबलावरचं रेकॉर्डिंगचं बटण बंद केलं आणि मोठ्याने म्हणाले, "तास संपला." आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाला. लाल दिवा विझला. मोटर गप्प झाली.

दाराबाहेर कपाटकाका उभे होते. आत यायला तयार नव्हते.

"बंद केलंत?"

"केलं. शुक्रवारी सगळं हलवतेय आणि मग खोलीच यादीतून काढून टाकते."

"मॅडम, एक बोलू? राहू द्या की. तासभर कॅमेरा फिरतो, कुणाला काय त्रास? इथं आहे ते इथं असू दे."

"काका, तुमचं तळघर वाचवायला तुम्ही काहीही बोलाल."

त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या फळ्याकडे पाहिलं. "तळघराचं सोडा हो. इथनं काढल्यावर ते कुठं जाणार, एवढं तुम्ही बघितलंय का?"

मी म्हणाले, बघितलंय.

७

शुक्रवारचा दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चोख दिवस होता. अकरा हजार व्हिडिओ सकाळपासून नव्या जागी जात राहिले आणि एकही अडकला नाही. समितीच्या अध्यक्षांनी फोन करून शाबासकी दिली. बारा जण सात महिने काय करत होते, असंही त्यांनी स्वतःच विचारलं.

दादाचा विषय मी शेवटी ठेवला आणि स्वतःच्या हाताने हलवला. इथे मला दोन पर्याय होते. रेकॉर्डिंग एकेक करून उचलायची, किंवा अख्खा विषय जसाच्या तसा न्यायचा. एकेक उचलताना चुकून एखादं राहतं, हे मी याआधी पाहिलं होतं. मी वहिनीला शब्द दिला होता. अख्खा विषय नेला. मग रिकाम्या तासांचे व्हिडिओ वेचून पुसले. बासष्ट उरले, मोजून बासष्ट. जुन्या यंत्रणेतून दोनशे चौदा नंबरची खोली काढून टाकली आणि वर जाऊन कॅमेऱ्याची तारही उपसली.

संध्याकाळच्या आत वहिनीकडे गेले. घरचे पाच तास तिच्या टॅबवर होते, ते चढवायला नव्या जागी टॅबची नोंद दादाच्या विषयाखाली केली. नोंद करताना परवानग्यांची लांबलचक यादी येते. मी सगळ्यांवर खूण केली, म्हणजे तिला पुढे कुठे अडायला नको. बासष्ट आणि पाच, सदुसष्ट.

"झालं," मी म्हणाले. "आता पन्नास वर्षं कुठं जात नाही."

वहिनीने एक तास लावून पाहिला. दादा म्हणाला, वजन कुठंतरी जातंच. ती रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. तिने टॅब बंद केला, पदराने पुसला आणि स्टँडवर नीट बसवून ठेवला, टेबलाच्या टोकाला, खोलीकडे तोंड करून.

८

मंगळवारी सकाळी मी अहवालाचं शेवटचं पान लिहीत होते. निवडलेला पर्याय, कारणं, झालेलं काम. हरवलेल्या व्हिडिओंची संख्या: शून्य. असं शून्य लिहिताना जे सुख मिळतं ते मी कुणाला समजावू शकत नाही.

सदुसष्टचा आकडा अहवालात टाकायच्या आधी एकदा ताडून बघावा म्हणून दादाचा विषय उघडला. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

अडुसष्ट होते.

अडुसष्टाव्यासमोर लाल ठिपका होता आणि लिहिलं होतं, रेकॉर्डिंग चालू आहे. त्याच्या पुढे वजन. चार मिनिटांच्या मानाने फार होतं.

मी बघतच राहिले आणि मग मला माझी चूक दिसली, इतकी स्वच्छ की एखाद्या नवशिक्याला मी ती फळ्यावर मांडून दाखवली असती. अख्खा विषय जसाच्या तसा हलवला की त्याचं वेळापत्रकही सोबत येतं. मंगळवार, अकरा ते बारा. ज्या खोलीत तास व्हायचा ती खोली मी काढून टाकली होती. नव्या यंत्रणेला खोली सापडली नाही, तेव्हा तिने त्या विषयाखाली नोंदवलेला कॅमेरा शोधला. तिथे एकच होता. त्याला सगळ्या परवानग्या होत्या, आपण होऊन सुरू व्हायचीसुद्धा.

मी चित्र उघडलं.

वहिनी टेबलाशी बसली होती. केस विंचरलेले, कानात तेच. समोर दोन कप. स्टँडने तिला चौकटीच्या उजव्या कडेला, अगदी खाली ठेवलं होतं आणि बाकीची सगळी चौकट रिकामी होती. दोन माणसं असली की तो असंच करतो, दोघंही मावावीत म्हणून. छताचा कोपरा दिसत होता. या टॅबवर मी दादाचे पाचही तास पाहिले होते, त्यात छत कुठेच नव्हतं.

मी फोन लावला. तो तिथे वाजलेला मला इथे ऐकू आला. वहिनीने फोनच्या पडद्याकडे बघितलं, हसली आणि फोन पालथा घातला.

"वन्संच आहे," ती वर बघत म्हणाली. "नंतर बोलते तिच्याशी."

ती किती वर बघत होती ते मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर ती दादाशी मान किंचित खाली करून बोलली.

मी उठून उभी होते. एका हाताने गाडीची किल्ली शोधत होते आणि दुसऱ्या हाताने पुन्हा फोन लावत होते. चित्रात रेकॉर्डिंग थांबवायचं बटण होतं, मी ते चार वेळा दाबलं. ते दाबलं जात होतं. ठिपका लालच होता. मागे भिंतीवर कुठेतरी वहिनीच्या घड्याळाची टिकटिक चालू होती, आणि मग तो आवाजही बसला.

स्टँडने सावकाश मान वळवली. वहिनी चौकटीबाहेर गेली. टेबलाचं टोक गेलं, दुसरा कप गेला. खिडकी आली आणि तिथे तो थांबला, वाक्य सुचेपर्यंत थांबावं तसा. मग परत फिरला, मध्येच एकदा अडखळला आणि स्वयंपाकघराच्या दारावर येऊन स्थिर झाला. दाराची चौकट दिसली. मग त्याने मान वर केली, चौकटीच्या वरची भिंत दिसली, मग आणखी वर.

पलीकडून वहिनीचा आवाज आला, लाडाचा, घरातला.

"अरे, हळू. जरा वाकून ये ना, डोकं लागेल."